बांधीतील यंत्र : शिक्षिका भाचीस पत्र

सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर

चि. ताई,

तुझे पत्र पोचले. आठवी-नववीच्या मुलामुलींना रोबोटिक्सच्या स्पर्धेत उतरवावे की नाही, शाळेच्या तुटपुंज्या निधीतून त्यासाठी तजवीज करणे कितपत रास्त ठरेल, आणि जिथे प्रयोगशाळेचे साधे साहित्यही अपुरे आहे तिथे यंत्रमानवाचा सोस शोभेल काय, हे तुझे तीनही प्रश्न मी पुनःपुन्हा वाचले. आणि विचाराअंती माझे मत असे झाले आहे की स्पर्धेत अवश्य उतरावे, मात्र कशासाठी उतरायचे हे आधी ठरवून मगच उतरावे.

लेखी परीक्षेत चुकलेल्या उत्तरावर तांबडी रेघ ओढली की त्या उत्तराचा इतिहास तिथेच संपतो. यंत्र चुकले तर ते का चुकले हे शोधल्यावाचून विद्यार्थ्याला पुढे पाऊल टाकता येत नाही. चाक घसरले, तर दोष चाकाच्या पकडीचा, भाराच्या वाटणीचा, उतरलेल्या बॅटरीचा की संगणकीय आज्ञावलीचा, हे एकेक कारण वेगळे काढून तपासावे लागते, आणि घराण्याचा लौकिक, पाठांतराची सफाई वा परीक्षकाची मर्जी यांपैकी कोणाचीही शिफारस ते यंत्र मान्य करीत नाही. आपली कल्पना वस्तुस्थितीच्या स्वाधीन करणे, तिचा प्रतिकूल निवाडा शांतपणे ऐकणे आणि मुदत संपण्यापूर्वी तीत दुरुस्ती करणे, हा संस्कार इतक्या लहान वयात देणारे दुसरे साधन मला तरी ठाऊक नाही.

या स्पर्धांचा उगम पाहिला तरी हेच दिसते. १९७०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत वूडी फ्लॉवर्स या अध्यापकांनी सर्व विद्यार्थ्यांच्या हाती किरकोळ सटरफटर वस्तूंचा एकसारखाच संच देऊन त्यातून यंत्र बनवण्याची आणि ते परस्परांविरुद्ध चालवण्याची प्रथा रुजवली. पुढे संशोधक डीन केमन यांनी १९८९ साली ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापन केली, आणि फ्लॉवर्स यांच्या साहाय्याने १९९२ साली न्यू हॅम्पशायरमध्ये शाळकरी मुलांची पहिली स्पर्धा भरवली. त्या स्पर्धेत पुढे अशी रीत पडली की काही संघांनी युती करून खेळावे, आणि एका फेरीतला प्रतिस्पर्धी पुढच्या फेरीत सहकारी व्हावा. त्यामुळे शेजारच्या संघाची मोटार जळाली तर आपल्याजवळची जादा मोटार त्याला देणे हे औदार्याइतकेच शहाणपणाचेही ठरते. प्रतिस्पर्ध्याचा दुस्वास न करता जिंकण्याची इच्छा धरता येते, हे शिकणे मला पदकाहून मोलाचे वाटते.

आपल्या महाराष्ट्राचे उदाहरण तर याहून बोधप्रद आहे. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेची महाविद्यालयीन ‘रोबोकॉन’ स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ साली तिचे यजमानपद पुण्याकडे आले, तेव्हा स्पर्धेचा विषय गोविंदा हा होता. म्हणजे उंच टांगलेल्या हंडीतील लोण्याचा कृष्णाचा खेळ नाना देशांच्या तरुणांनी यंत्रांकडून खेळवला. २०१४ साली ती पुनश्च पुण्यास आली तेव्हा विषय वात्सल्याचा होता : पालक-यंत्राने बाल-यंत्राला उचलून खेळाच्या मैदानात नेल्यासारखे झोक्यावर नि सीसॉवर खेळवायचे. आपल्या अंगणातला खेळ साऱ्या खंडाला अभियांत्रिकीचा प्रश्न म्हणून देता येतो, हे पुण्याने दाखवले. मग पूर्व विदर्भातील आपल्या झाडीपट्टीच्या मुलांनी सदैव दुसऱ्याने आखलेल्या मैदानावरच का धावावे?

आणि कसोटीची ही वृत्ती आपल्या मातीला परकी आहे, असे तर मुळीच नाही. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे, अल्पशिक्षित आणि अल्पभूधारक, यांना १९८३ साली ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निराळ्या राखल्या, निराळ्या पेरल्या, आणि वर्षानुवर्षे निवड करीत ‘एचएमटी’ हा बारीक तांदळाचा वाण सिद्ध केला. २०१८ साली ते निवर्तले. निरीक्षण, प्रयोग, नोंद आणि फेरप्रयोग हा जो क्रम त्यांनी बांधीत पाळला, तोच क्रम यंत्र बनवणारी मुलगी पाळत असते; म्हणून तुझ्या विद्यार्थ्यांना त्यांचे चरित्र आधी सांग आणि मग तार-मोटार हाती दे.

एक धोका मात्र खरा आहे. महागडे तयार संच विकत घ्यायचे, प्रशिक्षकाने जोडून द्यायचे आणि मुलांनी केवळ कळ दाबायची, अशी स्पर्धा म्हणजे श्रीमंतीचे प्रदर्शन होय. तिच्यात हरण्याने तुझ्या मुलांचे काही बिघडणार नाही, पण तिलाच विज्ञान समजण्याने फार बिघडेल. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळेच्या योजनेत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद झालेली आहे. अर्जाची संधी असेल तेव्हा दरखास्त जरूर कर, परंतु मंजुरीची वाट पाहत वर्ष दवडू नकोस. निकामी प्रिंटरच्या मोटारी, सायकलचे आरे, आपल्या रानचा बांबू आणि एखादा स्वस्त नियंत्रक-फलक एवढ्यावर आरंभ होतो. आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळ : मुलांच्या हाती पेचकस आणि मुलींच्या हाती नोंदवही अशी वाटणी आपोआप होत असते, ती दर आठवड्यास फिरती ठेव.

आता माझी सूचना. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, नाटके नि बैलांचा शंकरपट पाहण्यास पंचक्रोशी लोटते. त्याच दिवसांत तुझ्या आणि इथल्या शाळांनी मिळून एक छोटी स्पर्धा घ्यावी. मैदानावर चिखलाची लहानशी बांधी आखावी. यंत्राने धुरा ओलांडून आत उतरावे आणि ठरल्या वेळात, ठरल्या अंतराने, धानाचे पऱ्हे न मोडता रोवणी करावी. दुसरा प्रश्न मालगुजारी तलावाचा : पाळीखालच्या शेवटच्या बांधीलाही सारखेच पाणी मिळेल असे पाणी सोडण्याचे तुडुम उघडणारे नि मिटणारे यंत्र करावे. साहित्याचा खर्च सर्व संघांना समान बांधून द्यावा आणि त्याचा हिशेब उघडा ठेवावा. परीक्षकांत एक अभियंता असावा, आणि आयुष्यभर वाकून रोवणी केलेली एक बाई अवश्य असावी. कारण यंत्राने कंबरेचा भार हलका होतो की हातची मजुरी जाते, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तिचा आहे, आणि त्याला उत्तर देण्याची तयारी हा मुलांच्या अभियांत्रिकीचाच भाग आहे.

तेथून जे संघ तयार होतील, त्यांना नागपूर-पुण्याच्या मोठ्या स्पर्धांना पाठवू. प्रवासखर्चासाठी वर्गणी जमवण्याचे मी पत्करतो. नियमावलीचा मराठी मसुदा तू कर आणि पंधरवड्याच्या आत माझ्याकडे पाठव, म्हणजे इथल्या मुख्याध्यापकांशी बोलणे करता येईल.

तुझा,
मामा