तिलाच सांग

आवाजावर चालणारं स्वयंपाकघर आमच्या पेडणे-डिचोलीत फार जुनं आहे. वसरीवरून आवाज यायचा, "चाय हाड गे," की आत भांडं चुलीवर चढायचं. पंगतीत कुणी नुसतं "मीठ" म्हणालं की पानात मीठ पडायचं. हुकूम सोडणाऱ्याला डबा कुठे आहे, जाळ किती हवा, दूध नासलंय की कसं, यातलं काही ठाऊक असण्याची गरज नसे. इतकी बिनतक्रार सोय अजून कुठल्याही कंपनीला जमलेली नाही. फक्त ती एकाच दिशेने चालायची. चुलीपुढच्या बाईच्या हुकमात असलीच तर एखादी परकरी पोर.

म्हणून डिचोलीला भावाच्या घरी वहिनीने मान वर न करता "अलेक्सा, दस मिनट का टायमर लगाओ" असं फर्मावलं, तेव्हा मला यंत्रापेक्षा तिच्या स्वराचंच अप्रूप वाटलं. हात बांगडे साफ करण्यात गुंतलेले, मनगटापर्यंत ओले. अशा वेळी नळसुद्धा ती कोपराने बंद करते. ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेली ती वाटोळी डबी भारतात २०१७च्या ऑक्टोबरात आली. वहिनीच्या घरातल्या डबीचं कापडी आवरण मूळचं राखाडी. आता त्याला फोडणीचा तेलकट पिवळेपणा चढलाय आणि जवळ गेलं की हिंगाचा वास येतो.

माणसाचं बोलणं यंत्राला कळावं ही हौस जुनी. गोवा मुक्त होऊन जेमतेम काही महिने झाले होते, तेव्हा १९६२मध्ये सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात आयबीएमने 'शूबॉक्स' नावाचं यंत्र मांडलं होतं. त्याला शब्द कळायचे सोळा: शून्य ते नऊ आकडे आणि बेरीज-वजाबाकीचे काही हुकूम. आजच्या डबीला लाखभर शब्द कळत असतील, पण वहिनी तिच्याशी जे बोलते ते अजून सोळा शब्दांत सहज मावेल. वेळ लाव, यादीत रवा लिही, अभंग लाव, बंद कर.

याच्या पुढे गेलं की गाडी अडते. भावाने हौसेने आवाजावर चालणारा प्लग आणला. त्यातून फक्त वीज चालू-बंद होते, एवढंच. इंडक्शनची शेगडी वीज मिळाली तरी दिवा लुकलुकवत थांबते. तिचं बटण बोटानेच दाबावं लागतं. उलट मिक्सरची कळ चुकून चालू राहिली असेल तर हॉलमधल्या पोराच्या एका वाक्यावर रिकाम्या स्वयंपाकघरात मिक्सर फिरू लागेल. तो प्लग आता देवघरातल्या दिव्यांच्या माळेला लावलाय, तिथे तो शोभतो. अमेरिकेत २०१८ साली आवाजावर चालणारा मायक्रोवेव्हही निघाला होता. पण ताट आत आपणच ठेवायचं, दार आपणच लावायचं, मग बटण दाबायचं की बोलायचं एवढाच प्रश्न उरतो. नारळ खवणारं, तांदूळ निवडणारं, करपलेलं पातेलं घासणारं काही त्यात नाही. आणि वाटपासाठी मिक्सर सुरू झाला की डबी ठार बहिरी! वहिनी ओरडते, डबी गप्प. ती स्वतः ओळखते ते फक्त आपलं नाव. पुढचं वाक्य इंटरनेटवरून कुठल्याशा दूरच्या संगणकाकडे जातं, अर्थ तिथे लागतो. जूनच्या वादळात माड तारांवर आडवा झाला की मग अर्थही लागत नाही आणि दिवाही लागत नाही.

एका बाबतीत मात्र मी डबीच्या बाजूने आहे. आमच्याकडे डाळ शिट्ट्यांवर शिजते. तीन शिट्ट्या, चार शिट्ट्या. पण शिट्टी जाळावर अवलंबून. मोठ्या आचेवर चार भराभर होतात आणि डाळ कच्ची राहते. वाफ भरल्यावर आच बारीक करून मिनिटं मोजणं हेच शहाणपणाचं. वहिनीने शिट्ट्या सोडल्या. गॅसही वाचतो म्हणते.

पेडण्याला आईकडे हे सांगितलं तर ती हसली. तिला मोतीबिंदू, डोळ्यांपेक्षा तिचा कानांवर भरवसा. खोबरं खवताना करवंटी लागली की आवाज खरखरीत होतो, तिथे तिचा हात थांबतो. रगड्यावरचं वाटप आधी करकरतं, मग बारीक होत होत जवळजवळ मुकं होतं. त्याआधी ती ते काढून घ्यायला देत नाही. उकड्या तांदळाची पेज आधी खळखळते आणि दाटली की जड, सावकाश बुडबुडते. हे सगळं ती दुसऱ्या खोलीतून ऐकते. "हुमणाक कढ आयलो काय हें सांगता?" तिने विचारलं. नाही सांगत. तिच्या घरात भांडी बोलतात आणि ती ऐकते. या नव्या घरात बाईने बोलायचं आणि भांड्यांनी ऐकायचं. तरी तिच्याकडे एक डबी ठेवून आलोय. फोनवरचे आकडे तिला दिसत नाहीत, आणि "भावाला फोन लाव" एवढं तिला पुरतं. माझ्या मते या वस्तूचा खरा धनी असा माणूस: नजर गेलेला, हात कापणारा, किंवा दोन्ही हात पिठात असलेला.

भाषेची गंमत वेगळीच. मराठी की कोकणी यावर आम्ही पिढ्या घालवल्या. १९६७चा जनमत कौल झाला, १९८७चा राजभाषा कायदा झाला. आरती मराठीत, भांडण कोकणीत, ही वाटणी घरोघर ठरलेली. आणि अलेक्साने येऊन हिंदी किंवा इंग्रजी बोला म्हणून सांगितलं. मासळीवालीशी कोकणीत हुज्जत घालणारी वहिनी डबीपुढे सिनेमातल्यासारखी हिंदी बोलते, आणि कुणालाही त्यात आंदोलन करावंसं वाटलेलं नाही.

चवथीला मात्र डबीवर खरी चर्चा झाली. आत्या सोवळ्यात नैवेद्य करत होती. सोवळ्यात घड्याळाला, फोनला, कशालाच शिवायचं नाही. म्हणजे न शिवता चालणारं यंत्र हे तिच्यासाठीच बनवलेलं. खतखतं शिजेपर्यंत तिने दोनदा वेळ विचारली, एकदा आरत्या लावून घेतल्या आणि निर्वाळा दिला: बोलण्याने विटाळ होत नाही. सोवळ्याच्या नावाखाली ज्या माणसांना या दाराबाहेर उभं केलं जायचं, त्यांच्या मानाने सातासमुद्रापलीकडच्या डबीला आत प्रवेश फारच चटकन मिळाला, हे माझ्या मनात आलं. सणाच्या दिवशी बोललो नाही.

जेवणं आटोपून बायका आडव्या झाल्या होत्या. वसरीवरून भावाचा आवाज आला, "चाय हाड गे." वहिनी उशीवरून डोकं न उचलता म्हणाली, "तिलाच सांग." भाऊ हसला, थोडा वेळ थांबला, मग स्वतः आत गेला. आतून हिंदीत विचारणा ऐकू आली: अलेक्सा, साखर कुठे ठेवलीय? डबीने साखरेचा बाजारभाव सांगायला सुरुवात केली. वहिनीला डबा कुठे आहे ते माहीत होतं. ती कुशीवर वळली.