टायरमधली तार

साठी ओलांडल्यावर माझ्या सीटखालच्या पिशवीत दोन वस्तू वाढल्या: जवळचं वाचायचा चष्मा आणि टोकदार चिमटा. सहाशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला (लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला) चाळीस तास मिळतात, म्हणजे एखादं पंक्चर रात्रीच्या अंधारात काढावं लागणार, हे धरूनच निघायचं. ट्यूबा, पॅच, पंप सगळेच नेतात. माझं भांडण आहे ते तारेशी.

ट्रकचा रेडियल टायर फुटला की त्याच्या चिंध्या हायवेच्या कडेला पडून राहतात, आणि आपण सायकलवाले नेमके त्या कडेनंच जातो. त्यातली पोलादी तार केसाहून थोडीच जाड. टायरमध्ये घुसते, आत जरासं टोक काढते आणि बाहेरून दिसतच नाही. बाभळीचा काटा परवडला. तार आत राहिली, तर नवी ट्यूबही थोड्याच वेळात बसते.

म्हणून आधी जुन्या ट्यूबचं भोक शोधायचं. ट्यूब फुगवून ओठांजवळून फिरवली की बारीक फुंकर लागते. मग व्हॉल्वपासून अंतर मोजून टायर तेवढ्यातच चाचपायचा, दोन्ही बाजूंना. टायरवरचं नाव व्हॉल्वसमोर आणून मी टायर चढवतो ते एवढ्यासाठीच. लोकांना तो नखरा वाटतो. पूर्वी अंगठा आतून फिरवला की तार टोचायची. आता रात्रभर हँडल धरून अंगठे बधिर झालेले असतात. मग कापसाचा बोळा फिरवतो. कुठे धागा अडकला, की सापडली!

टायर लिव्हरशिवाय नुसत्या अंगठ्यांनी चढवायचा, हा माझा जुना ताठा. तरुण पोरं बघत असली की जरा जास्तच. हल्ली लिव्हर लागते, पण ती काढताना मी पाठ फिरवतो.

भाची ट्यूबलेसवाली. "मामा, किती वेळ कुरवाळणार त्या टायरला?" म्हणते. तिचं सीलंट तारेचं भोक चालता चालता बुजवतं, हे मान्य. पण टायर बाजूनं चिरला की तिलाही ट्यूबच घालावी लागते, आणि तोवर सीलंटनं झाकून ठेवलेले सगळे काटे-तारा त्या ट्यूबची वाट बघत बसलेले असतात. हायवेवरच्या पंक्चरवाल्याची आशा तर धरूच नये. माझा प्रेस्टा व्हॉल्व बघून एकजण म्हणाला, "काका, ही हवा आपल्याकडं नाही." पितळी अडॅप्टर खिशात होता म्हणून त्याच्या कॉम्प्रेसरची हवा मिळाली.

तेव्हा ट्यूबलेसवाल्यांनीही एक ट्यूब न्यावी. आणि निघायच्या आदल्या रात्री ती फुगवून बघावी. पिशवीत लिव्हरवर घासून घासून तिलाच भोक पडलेलं असतं.