ओंजळीतली आठवण

आठवण म्हटली की मनुष्याला भूतकाळच दिसतो: बालपणीचे अंगण, शाळेतले गुरुजी, दुरावलेली माणसे. परंतु आणखी एका आठवणीवर आपला संसार क्षणोक्षणी चाललेला असतो. दुकान गाठेपर्यंत ध्यानात ठेवायच्या जिनसा, वाक्याचा शेवट कानी पडेपर्यंत धरून ठेवलेला त्याचा आरंभ, बेरीज करताना मनात राखलेला हातचा! मानसशास्त्र तिला 'कार्यकारी स्मृती' म्हणते. पहिली आठवण कणगीसारखी, वर्षानुवर्षे साठवणारी. ही दुसरी ओंजळीसारखी. तिच्यात मावते ते थोडेच. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली तिचे माप सुमारे सात गोष्टी असे सांगितले. नेल्सन कोवन यांनी २००१ साली ते चारांच्या आसपास आणले. धडधाकट माणसाची ओंजळ जर एवढीशीच, तर ती गळकी झाली म्हणजे काय होत असेल?

हा प्रश्न आम्हांला पडला तो एका घरभेटीत. घरातील तरुण मुलाला स्किझोफ्रेनिया होता. औषधांनी त्याचे भास शमले होते. तरीही आई म्हणाली, "फादर, आता त्याला आवाज ऐकू येत नाहीत. पण दूध, पाव आणि विजेचं बिल अशी तीन कामं सांगितली की एकच करून येतो. याचे पप्पा म्हणतात, आजार बरा झाला, आता हा नुसता आळस." मग आवाज खाली आणून तिने विचारले, "आमच्याच वळण लावण्यात काही चुकलं का हो?"

या दोन्ही प्रश्नांना आज बऱ्यापैकी उत्तरे आहेत. 'स्किझोफ्रेनिया' हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली दिले. नावातील 'दुभंगलेले मन' या अर्थामुळे एका देहात दोन माणसे नांदतात असा समज पसरला. तो खरा नव्हे. १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ आजारी असलेल्यांच्या मेंदूचे सी.टी. स्कॅन केले. मेंदूच्या आतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या त्यांच्यात इतरांपेक्षा मोठ्या आढळल्या. पुढील संशोधनात मेंदूचा करडा भाग, विशेषतः कपाळामागचा व कानशिलाजवळचा, सरासरीने किंचित कमी असल्याचे दिसून आले. हा फरक समूहांच्या सरासरीतला आहे, हे मात्र विसरता कामा नये. एकट्या स्कॅनवरून कोणाला हा आजार आहे की नाही ते सांगता येत नाही.

कपाळामागचा हाच भाग ओंजळीचे काम सांभाळतो. पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी माकडांवर केलेल्या अभ्यासात तेथील काही पेशी, समोरची खूण नाहीशी झाल्यावरही, तिची जागा 'जागती' ठेवताना आढळल्या. १९९२ साली सोही पार्क व फिलिप होल्झमन यांनी रुग्णांना पडद्यावर एक ठिपका दाखविला, तो विझविला आणि काही वेळाने त्याच्या जागी नजर नेण्यास सांगितले. रुग्ण इतरांपेक्षा कितीतरी अधिक चुकले. मात्र ठिपका डोळ्यांसमोर तसाच ठेवला, तेव्हा त्यांना ते जमले! दृष्टी शाबूत होती, इच्छाही होती. उणीव होती ती धरून ठेवण्यात.

म्हणून त्या मुलाचे वागणे आळस नव्हे. औषधे भास आवरतात. या स्मृतीला मात्र त्यांचा लाभ फारच थोडा होतो. सरावाचे उपचार काही अंशी मदत करतात. 'औषधे चालू आहेत, मग आता पूर्ववत का होत नाही?' या प्रश्नाने रुग्ण खचतो, आणि ती औषधे थांबविली तर आजार उलटण्याची भीती असते.

आईच्या दुसऱ्या प्रश्नाला मोठा आणि दुःखद इतिहास आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमन यांनी हा आजार निर्माण करणाऱ्या आईची कल्पना मांडली आणि पुढे कित्येक मातांनी ते ओझे वाहिले. शास्त्राने ती कल्पना केव्हाच टाकून दिली आहे. अनेक जनुके, गर्भावस्थेतील वा जन्मवेळचे अडथळे, आयुष्यातील ताण अशी अनेक कारणे एकत्र येतात. आईने लावलेले वळण हे त्याचे कारण नव्हे.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाच्या घरी असे माणूस असेल, तर त्या ठिपक्याची गोष्ट ध्यानी धरावी. एका वेळी एकच काम सांगावे. तीन कामे असतील तर ती कागदावर लिहून खिशात द्यावीत. औषधांच्या वेळा भिंतीवर लावाव्यात. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थोडे थांबावे, आणि त्या वेळी टीव्ही बंद ठेवावा. एवढ्याने आजार जाणार नाही. परंतु कागदाच्या एका कपट्याने घरातील रोजचे भांडण मिटत असेल, तर तो कपटा लिहिण्यास उशीर कशाला?