मृतदेहाची साक्ष

आमच्या धर्मग्रामाच्या ग्रंथालयात दोन कपाटे आहेत. पहिल्यात संतचरित्रे, बायबलवरील भाष्ये व प्रवचनसंग्रह, दुसऱ्यात कथा-कादंबऱ्या. पहिल्या कपाटातील पुष्कळशा पुस्तकांचा नवेपणा अद्याप ओसरलेला नाही. दुसऱ्यातील रॉबिन कुक यांच्या अनुवादित कादंबऱ्यांच्या बांधणीवर मात्र चिकटपट्टीचा तिसरा थर चढला आहे. नोंदवही चाळली तर ही पुस्तके नेणाऱ्यांत गृहिणी आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले कारकून आहेत आणि सर्वांत अधिक आहेत त्या परिचारिका. दिवसभर रुग्णालयात राबून आलेल्या या भगिनी घरी येऊन पुन्हा रुग्णालयाचीच गोष्ट का वाचतात, असे आम्ही त्यांच्यापैकी एकीला विचारले. तिने दिलेले उत्तर आम्हांला फार मोलाचे वाटते. ती म्हणाली, "फादर, कामावर आम्हांला शेवट कधी कळतच नाही. पेशंट दुसऱ्या वॉर्डात जातो, आमची पाळी बदलते, गोष्ट अर्धीच राहते. पुस्तकात निदान काय झाले ते तरी कळते."

या पुस्तकांकडे नाक मुरडून पाहणारे वाचक आमच्या परिचयाचे आहेत. त्यांच्यासाठी सांगून ठेवतो की, आम्हीही ती आवडीने वाचतो. बहुधा रात्री, झोप येईनाशी झाल्यावर. वाचून झोप येते असे मात्र नाही.

वैद्यक आणि रहस्य यांची सोयरीक जुनी आहे. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल स्वतः डॉक्टर. एडिंबरो येथे त्यांना शिकविणारे डॉ. जोसेफ बेल हे रुग्ण दारातून आत येताक्षणीच त्याचा व्यवसाय व प्रवास ओळखीत असत. त्यांच्यावरूनच होम्स घडला. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीत होम्सची गाठ पडते तीही रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, रक्ताचा डाग ओळखण्याची नवी कसोटी सापडल्याच्या आनंदात असताना. अगाथा ख्रिस्तीबाईंनी पहिल्या महायुद्धात टॉर्की येथील रुग्णालयाच्या औषधालयात काम केले आणि विषांची विद्या तेथेच आत्मसात केली. १९२० सालच्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतील युक्ती औषधाच्या बाटलीच्या तळाशी साचणाऱ्या गाळावर उभी आहे. बाटली हलवून घ्यावी ही कंपाउंडरची सूचना आपण किती सहज कानाआड करतो!

याच लेखिकेची १९६१ सालची 'द पेल हॉर्स' ही कादंबरी थॅलियम या विषावर रचलेली आहे. हे विष हळूहळू भिनते, त्याची लक्षणे दहा आजारांसारखी दिसतात आणि मग डोक्याचे केस झडू लागतात. १९७७ साली कतारमधून एक आजारी बालिका लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणली गेली. तिचे वय दोन वर्षांचेही नव्हते. भल्या भल्या डॉक्टरांना निदान होईना. तिच्या उशाशी असणाऱ्या परिचारिकेच्या हाती त्या दिवसांत नेमकी हीच कादंबरी होती. बालिकेचे केस झडताना पाहून तिने थॅलियमची शंका बोलून दाखविली. स्कॉटलंड यार्डच्या मदतीने तपासणी झाली, शंका खरी ठरली, उपचार झाले आणि मूल वाचले. वाचनाने वेळ वाया जातो असे सांगणाऱ्या पालकांना आम्ही ही हकीकत आवर्जून ऐकवितो. त्यापुढे त्यांना सहसा बोलता येत नाही.

मोन्सिन्योर रोनाल्ड नॉक्स यांचे नाव आमच्या पिढीच्या सेमिनरीतील विद्यार्थ्यांना त्यांच्या इंग्रजी बायबलमुळे ठाऊक असे. हे विद्वान धर्मगुरू रहस्यकथाही लिहीत असत, हे आम्हांला फार उशिरा कळले. १९२९ साली त्यांनी रहस्यकथा लिहिणाऱ्यांसाठी गमतीने दहा आज्ञा घालून दिल्या. त्यांतील एकीचा आशय असा की, अद्याप शोध न लागलेले विष वापरू नये आणि ज्याचे लांबलचक शास्त्रीय स्पष्टीकरण शेवटी द्यावे लागेल असे उपकरणही आणू नये. आज खपणारी वैद्यकीय थरारकथा ही या आज्ञेचा सरळसरळ भंग करूनच उभी आहे. वाचकाला आता ते लांबलचक स्पष्टीकरणच हवे असते. बिचाऱ्या मोन्सिन्योरांना काय वाटले असते कोण जाणे.

हे का घडले असावे? आमच्या मते याचे मूळ रुग्णालयाच्या बाकावर आहे. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या त्या बाकावर आम्ही अनेक कुटुंबांसोबत बसलो आहोत. समोर 'प्रवेश निषिद्ध' असे लिहिलेले दार असते. त्यातून हिरव्या कपड्यांतील माणसे बाहेर येतात, सही घेतात आणि नाहीशी होतात. त्यांची भाषा आपल्याला कळत नाही, विचारण्याचा धीर होत नाही आणि आपले माणूस तर त्यांच्या हाती असते. रॉबिन कुक यांनी १९७७ सालच्या 'कोमा'मध्ये हेच दार उघडले. बोस्टनच्या एका रुग्णालयात किरकोळ शस्त्रक्रियेसाठी आलेली धडधाकट माणसे शुद्धीवर येतच नाहीत. एक विद्यार्थिनी हट्टाने शोध घेते, तेव्हा कळते की, आठ क्रमांकाच्या शस्त्रक्रियागृहात प्राणवायूच्या नळीतून विषारी वायू सोडला जात होता. हेतू अवयवांची विक्री. कुक स्वतः नेत्रशल्यविशारद, म्हणून बारकावे अचूक. १९७८ साली त्यावर चित्रपट काढणारे मायकेल क्रायटन हेही हार्वर्डचे वैद्यकीय पदवीधर. वाचकाच्या मनातील अस्फुट भीतीला या मंडळींनी नाव दिले, जागा दिली, क्रमांकसुद्धा दिला. ती भीती अगदीच हवेतली नव्हती. आपल्याकडेही गरिबांची मूत्रपिंडे विकली जात होतीच, आणि हा व्यापार बंद व्हावा म्हणून संसदेला १९९४ साली कायदा करावा लागला.

मात्र कुक यांच्या पंगतीतील सर्वच लेखकांविषयी आम्हांला सारखा आदर नाही. पहिली दोन पुस्तके वाचली की तिसऱ्याचा खलनायक पन्नासाव्या पानावर ओळखता येतो. शवविच्छेदनाच्या कादंबऱ्यांची गोष्ट निराळी आहे, आणि आम्हांला त्याच अधिक ओढून घेतात.

पॅट्रिशिया कॉर्नवेल यांची 'पोस्टमॉर्टेम' ही १९९० साली आली. त्यापूर्वी लेखिकेने व्हर्जिनिया राज्याच्या वैद्यकीय परीक्षकांच्या कार्यालयात अनेक वर्षे नोकरी केली होती. त्यांची नायिका डॉ. के स्कार्पेटा मृत व्यक्तीला कोडे मानीत नाही. तिला ती आपली अशील वाटते. कॅथी राइक्स या तर व्यवसायानेच न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञ, म्हणजे हाडांवरून माणूस ओळखणाऱ्या. १९९७ सालच्या त्यांच्या पहिल्या कादंबरीत मृतदेहाचे अवशेष सापडतात ते मॉन्ट्रियलच्या सेमिनरीच्या आवारात! पुढच्याच पुस्तकात संतपदासाठी नाव सुचविलेल्या एका धर्मभगिनीचे अवशेष उकरून तपासण्याचे काम नायिकेकडे येते. आमच्या वाचकांना याचे आश्चर्य वाटू नये. धर्मसभाही मृतदेह तपासते आणि डॉक्टरांनाही विचारते. लूर्द येथे बरे झाल्याचा दावा करणाऱ्यांची छाननी करणारे वैद्यकीय कार्यालय १८८३ पासून चालू आहे.

या पुस्तकांबद्दल आमची एक तक्रार आहे. त्यांतील बहुतेक बळी तरुण स्त्रिया असतात आणि त्यांच्या यातनांचे वर्णन कित्येकदा तपासाला लागते त्याहून बरेच लांबते. शिवाय तिसऱ्या प्रकरणात उघडलेले शव पाचव्या प्रकरणात कोणाच्या लक्षातही राहत नाही. अंत्यविधी क्वचितच येतो. रडणारी आई आलीच, तर ती माहिती पुरविण्यापुरती. पंचवीसहून अधिक वर्षे दफनविधी करीत आलेल्या माणसाला ही उणीव खटकल्याशिवाय राहत नाही.

तरीही एका गोष्टीपुढे आम्ही मान तुकवितो. इंग्लंडच्या लेस्टरशायर परगण्यात १९८३ व १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले. दुसऱ्या खुनाची कबुली एका सतरा वर्षांच्या मुलाने दिली. दोन्ही गुन्हे त्याचेच असावेत अशी पोलिसांची खात्री झाली होती. लेस्टर विद्यापीठातील अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनएवरून व्यक्ती ओळखण्याची रीत शोधून काढली होती. तिचा आधार घेण्यात आला. दोन्ही खून एकाच माणसाने केल्याचे निष्पन्न झाले, पण तो माणूस हा मुलगा नव्हता. या विद्येने फौजदारी तपासात टाकलेले पहिले पाऊल एका निरपराध्याला सोडविण्यासाठी होते. पुढे पंचक्रोशीतील सुमारे पाच हजार पुरुषांची रक्ततपासणी झाली. खऱ्या गुन्हेगाराने आपल्याऐवजी दुसऱ्यालाच रक्त द्यायला पाठविले होते. ते उघडकीस आले आणि १९८८ साली त्याला जन्मठेप झाली. जोसेफ वॉम्बॉ यांनी १९८९ साली यावर पुस्तक लिहिले. ते वाचून आम्ही कित्येक दिवस अस्वस्थ होतो. पापनिवेदन ऐकणे हे आमचे जीवितकार्य. जो येतो तो खरे बोलतो, या विश्वासावर आमचा दिवस चालतो. येथे तर एका पोराने चौकशीच्या खोलीत, न केलेले पाप पदरात घेतले होते. तोंडाने दिलेली कबुली खोटी ठरली, आणि खरे काय ते रक्ताने सांगितले.

मात्र शरीराची साक्ष वाचणारी माणसेच असतात. अमेरिकेतील टेनेसी राज्यातले मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बास यांच्यापुढे १९७७ साली उकरलेल्या थडग्याजवळचे एक शव आले. त्यावर मांस शिल्लक होते. मृत्यू होऊन फार तर वर्ष झाले असावे, असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात तो देह यादवी युद्धात १८६४ साली पडलेल्या कर्नल शाय यांचा होता. मसाले भरलेला व लोखंडी शवपेटीत जपून राहिलेला. हिशेब एकशे तेरा वर्षांनी चुकला! बास यांनी ही गोष्ट झाकली नाही. मृत्यूनंतर देहाचे काय होते हे आपल्याला पुरते ठाऊक नाही असे म्हणून त्यांनी त्याचाच अभ्यास करणारी संस्था उभारली. १९९४ साली कॉर्नवेलबाईंनी तिच्यावरून आपल्या एका कादंबरीला नाव दिले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ सालच्या अहवालात तर दातांच्या खुणा, केसांची तुलना इत्यादी पद्धतींचा शास्त्रीय पाया किती कच्चा आहे, हे स्पष्टच सांगितले. कादंबरीतील डॉक्टर बहुधा चुकत नाही आणि अहवाल दोन प्रकरणांत येतो. सामान्य माणसाचा अनुभव तसा नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मुंबईत भाड्याच्या खोलीत सकाळी मृतावस्थेत आढळला. अंगावर जखम नव्हती. शवविच्छेदन झाले, पण मृत्यूचे कारण राखून ठेवण्यात आले. पोट, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून, बरण्यांना मोहोर लावून रासायनिक तपासणीसाठी रवाना झाले. हृदय निराळे तपासायला गेले. देह घरच्यांच्या स्वाधीन झाला व आम्ही त्याचे यथाविधी दफन केले. पण गावात कुजबुज सुरू झालीच की, त्याने औषध घेतले. आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफन नाकारणारा १९१७ सालच्या धर्मविधीसंहितेतील नियम १९८३ सालच्या संहितेत उरलेला नाही. मात्र लोकांच्या मनातून तो गेलेला नाही. त्याची आई आयुष्यभर पुढच्या बाकावर बसत आलेली. ती आता मागच्या दाराशी बसू लागली, आणि मिस्सा संपण्याआधीच उठून जाऊ लागली.

तिची थोरली मुलगी परिचारिका आहे. तिने आईला समजावून सांगितले की, त्या बरण्यांतून सत्य बाहेर येईल, धीर धर. हे तिने आपल्या व्यवसायातून सांगितले की आमच्या दुसऱ्या कपाटातील पुस्तकांतून, ते आम्ही विचारले नाही. महिने गेले. पोलीस ठाण्यात खेटे झाले. एक बरणी फुटली अशी अफवाही उठली. अखेर अकराव्या महिन्यात कागद आला. विष आढळले नव्हते. हृदयाच्या स्नायूला सूज होती, आणि मृत्यू त्यानेच झाला होता.

आईने तो इंग्रजी कागद आमच्याकडे आणला. आम्ही तिला तो मराठीत वाचून दाखविला. तिने विषाची ओळ तीनदा वाचावयास लावली आणि ती नेमकी कोठे छापली आहे, हे बोट ठेवून दाखवून घेतले. मग विचारले, "फादर, हे तपासणारा माणूस कोण?" खाली सही होती, पण ती लागत नव्हती, हुद्दा तेवढा वाचता आला. तिने पदरातून मिस्साचे पैसे काढून टेबलावर ठेवले. हेतूंच्या वहीत आम्ही त्या रविवारसाठी लिहिले : एका रासायनिक विश्लेषकासाठी, उपकारस्तुती.