पोटातलं पाणी

सासूबाईंच्या अंडाशयाच्या कॅन्सरवर आता केमोचा उपयोग होत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण त्या दिवसांत आईंचा खरा छळ मांडला होता तो पोटाने. पाणी साठून पोट तट्ट फुगायचं. दोन घास गेले की बस, उताणं झोपता येईना, न्हाणीपर्यंत गेल्या तरी धाप. पातळाच्या निऱ्या खोचायला जागा उरली नाही. जन्मभर पातळ नेसलेल्या बाईला गाऊन घालावा लागला, याचं त्यांना दुखण्याइतकंच वाईट वाटत होतं.

टॅपिंग करायचं म्हणजे साताऱ्याहून पुणं गाठायचं. सुई घालून पाणी काढलं की आई मोकळ्या व्हायच्या, परतताना गाडीत गप्पा मारायच्या. आठवडाभरात पोट पुन्हा भरायला लागायचं. पुन्हा केसपेपर, पुन्हा बाकड्यावर ताटकळणं, पुन्हा नवी सुई. ‘काढलं की जास्त साठतं’ असं कुणीतरी सांगितलं, म्हणून आईंनी पाणी पिणंच कमी केलं होतं.

पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टर भेटल्या तेव्हा त्यांनी शांतपणे बसून सगळं समजावलं. आजार पोटाच्या अस्तरावर पसरला की पाणी पाझरत राहतं. काढल्यामुळे ते वाढत नाही आणि कमी प्यायल्याने थांबत नाही. लिव्हरच्या आजारात लघवीच्या गोळ्यांनी पुष्कळदा फरक पडतो, इथे तेवढा गुण येत नाही. मग त्यांनी आईंनाच विचारलं, “आजी, पोटात एक नळी ठेवूया का? पाणी घरीच काढता येईल.” इतक्या फेऱ्या मारूनही हा पर्याय आधी कुणीच आमच्यापुढे ठेवला नव्हता. त्याचा राग मला अजून येतो.

सोनोग्राफीत बघून, जागा बधिर करून ‘पिगटेल’ नावाची नळी बसवली. आतलं टोक वेटोळं घालून राहतं, त्यामुळे नळी सहजी निसटत नाही. बाहेर वीतभर नळी, तिला फिरवायची चावी आणि पुढे लघवीसाठी वापरतात तीच युरोबॅग. कातडीखालून नेलेल्या मऊ नळ्याही मिळतात. त्या जास्त दिवस टिकतात, जंतुसंसर्गाची भीतीही कमी असते. पण सोबतच्या व्हॅक्यूमच्या बाटल्यांसकट तो खर्च आम्हाला झेपणारा नव्हता.

घरी येणाऱ्या सिस्टरनी मला शिकवलं. साबणाने हात धुवायचे, जोड स्पिरिटने पुसायचा, मगच बॅग लावायची. पिशवी कॉटच्या खाली राहील अशी टांगायची आणि चावी हळू उघडायची. फिक्या चहाच्या रंगाचं पाणी नळीतून उतरायला लागलं की आई माझ्या तोंडाकडे बघायच्या. “किती झालं गं?” लिटरभर भरलं की मी चावी बंद करायची. आणखी काढ म्हणून त्या हट्ट करायच्या; पण एकदम फार काढलं तर रक्तदाब उतरतो, घेरी येते, हे सिस्टरनी बजावलं होतं. वहीत तारीख, किती निघालं आणि रंग लिहायचा. पाणी गढूळ दिसलं, ताप आला, नळीभोवती लाल झालं किंवा पोट दुखायला लागलं, तर वाट न बघता फोन करायचा. एकदा पोट भरलेलं असूनही थेंब येईना. मी घाबरले. सिस्टरनी येऊन सलाईनने नळी मोकळी केली.

छातीत पाणी होणाऱ्यांसाठीही अशी नळी असते. तिथे एका वेळी साधारण लिटरपेक्षा जास्त काढत नाहीत, आणि खोकला सुटला किंवा छातीत दुखलं तर तिथेच थांबवतात.

नळीने आजार हटला नाही. अंगातली प्रथिनं त्या पाण्याबरोबर जात होती, आई वाळत चालल्या होत्या, दुखण्यासाठी मॉर्फिन सुरूच होतं. पण बसून मऊ भात जाऊ लागला. कुशीवर झोप लागू लागली. आणि एका सकाळी पातळ मागितलं. नळी ड्रेसिंगखाली वरच्या बाजूला चिकटवून, निऱ्या जरा खाली खोचून मी त्यांना नेसवलं. पदर खांद्यावर घेऊन त्या ओसरीवर जाऊन बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारू लागल्या. ‘नळी घातली म्हणजे आता काही खरं नाही’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी ते दृश्य दाखवलं असतं.

शेवटपर्यंत आई घरीच होत्या. पाणी काढायला पुण्याची वारी पुन्हा करावी लागली नाही.

तुमच्या घरी कुणाचं पोट किंवा छाती अशी पुन्हा पुन्हा भरत असेल, तर पुढच्या टॅपिंगआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा: यांना नळी ठेवता येईल का? सगळ्यांनाच ती चालते असं नाही, पण विचारायला उशीर करू नका. आणि ठेवायची ठरली, तर घरी शिकवायला कोण येणार आणि रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, हे हॉस्पिटल सोडण्याआधी लिहून घ्या.