हेड घासून घ्यायचं का?

आपली गाडी पुरेशी पळते असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. भिवंडीत तर हे वेड जुनंच. इथे पुली बदलून मागसुद्धा पळवतात, मग मोटारीला कोण सोडतो?

आमच्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे दादांचे, आठ माग होते. मोटरची पुली थोडी मोठी बसवली की माग जोरात चालतो, कापड जास्त निघतं, असा त्यांचा सरळ हिशेब. सूत बिचारं त्या हिशेबात नसतं. ते तुटायला लागतं आणि कामगार दिवसभर गाठी मारत बसतो. तरी दादा पुली बदलायचेच.

ऐंशीच्या दशकात त्यांनी जुनी फियाट घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, 1089 सीसीची, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, गिअर स्टिअरिंगपाशी. (तिचीच बहीण पद्मिनी, जिची शेवटची टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली.) नाशिकला जाताना कसारा घाटात रेडिएटर उकळायचा. मागून ट्रक हॉर्न मारायचे, आणि दादांना तो अपमान वाटायचा.

मग कुणीतरी सांगितलं, हेड घासून घ्या. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस, पण गॅरेजच्या बाकड्यावर बसून एवढं समजलं : हेडचा खालचा पत्रा थोडा घासला की सिलिंडरवरची जागा कमी होते, पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जास्त दाबलं जातं आणि स्फोट जोरदार होतो. ताकद वाढते. पण दाब पेट्रोलच्या कुवतीबाहेर गेला की मिश्रण वेळेआधी, वाटेल तसं पेटतं. इंजिन खटखटतं, आणि पिस्टनला भोक पडायची वेळ येते. शिवाय उष्णता वाढते, म्हणजे रेडिएटरचं दुखणं होतं तिथेच.

कल्याण नाक्याजवळच्या आमच्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी बिडी विझवली आणि विचारलं, "साब, भागेगी तो सही, रोकेगा कौन?" फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक. दादा गप्प झाले. उस्तादांनी रेडिएटर साफ करून दिला, प्लग आणि टायमिंग नीट केलं. गाडी घाट चढू लागली. हळूच, पण चढू लागली.

हे सगळं आज आठवायचं कारण माझा नातू. मानकोलीच्या गोदामात नोकरी, टर्बो पेट्रोल गाडी, मागच्या सीटवर दीड वर्षाची मुलगी. त्याला गाडी 'रिमॅप' करायची आहे. "आजोबा, यात काही घासायचं नसतं, फक्त कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलतात." खरं आहे. टर्बो जास्त हवा कोंबतो, त्या मानाने पेट्रोल जास्त जातं, ताकद वाढते. कंपनी मुद्दाम थोडी जागा राखून ठेवते : खराब पेट्रोलसाठी, मे महिन्याच्या उन्हासाठी, वर्षानुवर्षांच्या झिजेसाठी. आपण ती जागा खाऊन टाकतो. क्लच आणि गिअरबॉक्स मात्र जुन्याच मापाचे राहतात.

कागदावर मी त्याला एकच गणित करून दाखवलं. वेग साठचा ऐंशी केला तर ब्रेकला शोषायची ऊर्जा ऐंशी भागिले साठचा वर्ग, म्हणजे जवळपास पावणेदोन पट. आणि अंजूरफाट्यापाशी समोर कंटेनर आडवा असतो, हे मी त्याला काय सांगायचं?

कायद्याचंही आहेच. कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, असं मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. प्रोग्रॅम बदलणं त्यात बसतं की नाही यावर ही पोरं तासन् तास वाद घालतात. मला त्यात रस नाही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर निघाला, तर दावा नाकारला जाऊ शकतो, हे मला जास्त बोचतं.

नातू रागावला नाही, पण पटलंही नाही. त्याने माझ्यासमोरच रिमॅप करणाऱ्याला फोन लावला आणि विचारलं, वॉरंटीचं आणि विम्याचं काय? पलीकडून उत्तर आलं, "ते तुमचं तुम्ही बघा." फोन ठेवून तो बराच वेळ मुलीच्या सीटचा पट्टा घट्ट करत बसला. पैसे अजून बँकेत आहेत. टायर मात्र पुढच्या आठवड्यात नवे बसतायत.