बिऱ्हाडकरू

काशीत पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की मंगला गौरीचे देऊळ लागते. देवी, गभस्तीश्वराचे लिंग आणि मयूखादित्य अशी तीन दैवते या एकाच देवळात नांदतात. प्रत्येकाची जागा निराळी, पूजाही निराळी. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट हा परिसर म्हणजे मराठी माणसांची जुनी वस्ती. पैठणला आरंभलेली भागवतावरील टीका एकनाथांनी शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीतच पूर्ण केली. तिच्या अभ्यासासाठी एका कार्तिकात मी या गल्ल्यांत महिनाभर राहिले, ते एका मराठी वृद्धेच्या घरी.

मालकीणबाई ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. माडीवरची खोली त्यांनी काशीवासासाठी आलेल्या नागपूरकडच्या एका निवृत्त शिक्षिकेला दिली होती. एकीचे सोवळे कडक. दुसरीचा दिवस चहाने आणि रेडिओवरच्या बातम्यांनी उजाडणारा. चुली अर्थातच वेगळ्या. या दोघींचे जमते तरी कसे, हे मला कोडेच होते.

पहिल्या तारखेला ते सुटले. माडीवरच्या बाई खाली आल्या आणि त्यांनी पाकीट पुढे ठेवले. मालकीणबाईंनी चष्मा लावून नोटा मोजल्या व पावती लिहून दिली. मग दोघी घाटावरच्या आकाशदिव्यांसाठी वाती वळत बसल्या. इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही पावती कशाला, असे मी विचारले. मालकीणबाई म्हणाल्या, “अहो बाई, पावती आहे म्हणून तर ह्या रेडिओ लावताना मला विचारत नाहीत, आणि ह्यांच्या खोलीत जाताना मी दार वाजवते.”

ते वाक्य मला लागले. यजमानांच्या निधनानंतर पुण्याच्या माझ्या घरातली त्यांची खोली रिकामी होती. महाविद्यालयापासूनची एक मैत्रीण तेथे राहायला आली. तिने भाड्याचा विषय काढला, तो मी उडवून लावला. मैत्रीत कसले पैसे? चौथ्या महिन्यात ती निघून गेली. जाताना म्हणाली, “तुझ्या घरात मला एक खुर्चीसुद्धा हलवता आली नाही.” मला तो कृतघ्नपणा वाटला. खरे पाहता त्या खोलीत यजमानांची कपाटे तशीच होती, आणि धूळ झटकण्याच्या निमित्ताने मी केव्हाही आत जात होते. खोली मी दिली होती, तिच्यावरचा हक्क दिला नव्हता. ज्याला मी औदार्य म्हणत होते, ते माझे न सोडणे होते.

पाहुणा पिशवी घेऊन येतो आणि यजमानाच्या घराला जुळवून घेतो. बिऱ्हाडकरू आपला संसार घेऊन येतो. त्याच्यासाठी घराला थोडे सरकावे लागते. उतारवयात स्वभाव जुळणारे माणूस आपण शोधतो, पण त्या वयात स्वभाव जुळण्यापेक्षा हद्दी ठरणे अधिक मोलाचे. भाडे ही त्या हद्दीची खूण. त्याने देणारी आश्रित होत नाही आणि घेणारी उपकारकर्ती.

पुण्यास परतल्यावर मी कपाटे रिकामी केली. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून त्याची नोंदणी करावी लागते आणि ती जबाबदारी मालकाची असते, हेही समजून घेतले. मग मैत्रिणीला पत्र लिहिले. त्यात आधी भाड्याचा आकडा घातला, कुशल नंतर विचारले.

तिचे उत्तर आठवड्याने आले. भाडे फार आहे, अशी तिची तक्रार होती. ते वाचून मला फार दिवसांनी बरे वाटले.